खिडकीजवळची कॉट

जुलै-ऑगस्टात नागपुरात पावसाची झड लागलेली असते, तेव्हा दक्षिण अंबाझरी रस्त्यावर ऑटोंची एक वेगळीच वरात दिसते. मागे दोन सुटकेसा, सीटवर उभी गुंडाळलेली गादी, वडिलांच्या हातात कागदपत्रांची फाईल आणि आईच्या मांडीवर सीताबर्डीहून घासाघीस करून आणलेली कोरी बादली. बादलीत मग, मगात साबणदाणी. हे सगळं विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या, म्हणजे व्हीएनआयटीच्या, फाटकातून आत जातं. (जुने नागपूरकर अजूनही तिला व्हीआरसीईच म्हणतात. 1960 साली विश्वेश्वरय्या रीजनल कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग म्हणून ती सुरू झाली, ते नाव काही त्यांच्या जिभेवरून उतरत नाही.) आत रांग, सही, पावती, किल्ली. आणि मग आई तो प्रश्न विचारते, जो सकाळपासून तिच्या मनात घोळत असतो: "खोलीत दुसरा कोण आहे?"

यादीत एक नाव असतं. आडनावावरून प्रांताचा अंदाज, प्रांतावरून जेवणाचा अंदाज, आणि तेवढ्यावर आईला समाधान मानावं लागतं.

आपल्या समाजाची ही मोठी गंमत आहे. लग्न जुळवताना आपण छत्तीस गुण मोजतो, मावशीच्या नणंदेकडून चौकशी करतो. आणि अठरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी, आयुष्यातल्या सगळ्यात ओल्या मातीच्या वयात, एका अनोळखी माणसाबरोबर दहा बाय बाराच्या खोलीत वर्ष काढणार असते, तर तिथं गुण शून्य, चौकशी शून्य. एका यादीत एकाखाली एक आलेली दोन नावं, एवढीच पत्रिका.

या यादीमागे काय काय दडलंय हे मी शोधायला लागलो, आणि गणितापासून कोल्हापूरच्या बोर्डिंगांपर्यंत आणि तिथून थेट न्यूयॉर्कपर्यंत जाऊन आलो.

सुरुवात त्या मुलाला फाटकापर्यंत कुणी आणलं इथून करू. अभ्यासानं आणलं, हे खरंच. पण रँक लागल्यावर कोणाला कुठली जागा द्यायची हे ठरवतो एक हिशेब. 2015 पासून आयआयटी आणि एनआयटींच्या जागा एकत्र वाटल्या जातात. पोरं त्याला नुसतं 'जोसा' म्हणतात, आणि 'फ्रीझ', 'फ्लोट', 'स्लाइड' हे त्यातले शब्द जून-जुलैत घराघरात आजीलासुद्धा पाठ होतात. या वाटपाच्या मुळाशी एक फार देखणी युक्ती आहे. प्रत्येक विद्यार्थी आपल्या पहिल्या पसंतीच्या दारावर थाप मारतो. संस्था आलेल्यांपैकी वरच्या रँकचे ठेवते, बाकीच्यांना परत पाठवते. पण ठेवलेल्यांनाही पक्का होकार देत नाही, ताटकळत ठेवते. परत आलेले दुसऱ्या पसंतीच्या दारावर जातात. तिथं त्यांच्यातला एखादा आधीच्या ताटकळणाऱ्यापेक्षा सरस निघाला, तर आधीचा बाहेर. असं करत करत थापा थांबतात, आणि त्या क्षणी जे ज्याच्या दारात उभे असतील ते आत. शेवटी अशी एकही जोडी उरत नाही की एखादा विद्यार्थी आणि एखादी संस्था दोघंही मिळालेलं सोडून एकमेकांकडे पळून जायला राजी आहेत. गणिती याला 'स्थिर' जुळणी म्हणतात.

ही युक्ती डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन अमेरिकन गणितज्ञांनी 1962 साली एका जेमतेम सात पानांच्या लेखात मांडली. लेखाचा विषयच कॉलेजप्रवेश आणि लग्नं जुळवणं असा होता. त्यांनी सिद्ध केलं की दोन बाजू असतील, मुलं आणि संस्था, किंवा नवरे आणि नवऱ्या, तर पसंती कशाही विचित्र असोत, स्थिर जुळणी असतेच. नेहमी. शॅप्लींना या कामासाठी 2012 चं अर्थशास्त्राचं नोबेल ॲल्विन रॉथ यांच्याबरोबर मिळालं. गेल तोवर गेलेले होते.

आता खरी मजा. त्याच सात पानांत, सहज जाता जाता, त्यांनी आणखी एक प्रश्न टाकून ठेवलाय. दोन बाजू नसतील, एकच घोळका असेल आणि त्यातूनच जोड्या लावायच्या असतील तर? म्हणजे नेमका वसतिगृहाचा प्रश्न. आणि उत्तर? इथं खात्री संपली.

व्हरांड्यात चार पोरं उभी आहेत असं समजा. एक अकोल्याचा, एक बालाघाटचा, एक करीमनगरचा आणि चौथा वणीचा. अकोल्याच्याला बालाघाटचा सगळ्यात आवडतो, कारण दोघंही लेगस्पिन टाकतात. बालाघाटच्याला करीमनगरचा हवा, कारण त्याचं गणित पक्कं आहे. करीमनगरच्याला अकोल्याचा हवा, कारण त्याच्या घरून चिवडा येतो. आणि वणीचा बिचारा घोरतो, रात्री ट्रॅक्टर सुरू झाल्यासारखा, म्हणून तिघांच्याही यादीत तो शेवटी. खोल्या दोन. आता लावा जोड्या.

अकोल्याच्याला वणीच्याबरोबर टाकलं, तर बालाघाट आणि करीमनगर एकत्र येतात. पण करीमनगरच्याला अकोल्याचाच जास्त हवा होता, आणि अकोल्याचा घोरण्यातून सुटायला एका पायावर तयार. दोघं सामान उचलतात. आता वणीच्याबरोबर बालाघाटचा अडकला. त्याला घ्यायला अकोल्याचा तयारच बसलाय, कारण त्याची पहिली पसंती तीच. दोघं सामान उचलतात. आता करीमनगरचा वणीच्या खोलीत. पण बालाघाटच्याला करीमनगरचाच हवा होता. दोघं सामान उचलतात, आणि आपण जिथून निघालो तिथंच परत. चौघांच्या एकूण तीनच प्रकारे जोड्या लागतात, आणि तिन्ही मोडतात. बादल्या रात्रभर व्हरांड्यातून इकडून तिकडे.

वणीच्याचा यात दोष नाही, हे लक्षात घ्या. चक्र त्या तिघांच्या आवडीनिवडीत आहे, तो फक्त त्या चक्राला धक्का देणारा दगड.

जुलैच्या एखाद्या सकाळी मुलगा फाटकात उभा असतो, तेव्हा त्याच्या पाठीशी ज्या लेखाची हमी आहे, त्याच लेखातला बिनहमीचा प्रश्न त्याच्या पुढ्यात उभा असतो. फाटकाच्या अलीकडे 'उत्तर आहेच', पलीकडे 'असेल किंवा नसेल'. मला हे कळलं त्या दिवशी मी घरातल्या सगळ्यांना जेवताना ऐकवलं. कोणी फारसं हललं नाही, पण माझा घास हातातच राहिला होता.

चौघांच्या आवडी अगदी यदृच्छेनं ठरवल्या तर 27 पैकी 26 वेळा जुळणी निघते, म्हणजे तशी बरीच आशा आहे. पण पोरांची संख्या वाढत जाते तसं हे प्रमाण हळूहळू घटतं. आणि जोड्यांची संख्या? सहा जणांच्या 15, दहा जणांच्या 945, आणि अवघ्या वीस जणांच्या 65 कोटी 47 लाख 29 हजार 75. एका मजल्याच्या एका कोपऱ्यातली वीस पोरं, दहा खोल्या, आणि पर्याय पासष्ट कोटी! या ढिगातून स्थिर जुळणी झटपट शोधता येईल का, हा प्रश्न डोनाल्ड क्नुथ या संगणकशास्त्रज्ञानं सत्तरच्या दशकात विचारला होता. रॉबर्ट आयर्व्हिंग यांनी 1985 साली त्याची रीत शोधली: जुळणी असेल तर काढून देते, नसेल तर 'नाही' असं स्पष्ट सांगते. दोघांच्या खोल्यांपुरतं हे ठीक. तिघांची खोली केली, आणि आपल्याकडे तिघांच्या खोल्या काही कमी नाहीत, की प्रश्न संगणकालाही घाम फोडणाऱ्या अतिकठीण प्रश्नांच्या कुळात जाऊन बसतो. 'तीन तिगाडा काम बिगाडा' हे आपल्या आज्यांना गणिताविना माहीत होतं, पण त्याची रीतसर सिद्धता यायला 1991 उजाडलं.

वॉर्डन साहेब अर्थातच आयर्व्हिंगची रीत वापरत नाहीत. त्यांच्यापुढे पोरांच्या आवडीनिवडी नसतातच, असतं ते रजिस्टर आणि किल्ल्यांचा जुडगा. कुठं प्रवेशाच्या क्रमानं, कुठं शाखेनुसार, कुठं चिठ्ठ्या टाकून, तर कुठं सरळ आडनावाच्या अक्षरक्रमानं खोल्या भरल्या जातात. अक्षरक्रम दिसतो निष्पाप, पण आपल्या देशात आडनाव म्हणजे गाव, जात, भाषा सगळं एका शब्दात. रेड्डींशेजारी रेड्डी, शर्मांशेजारी शर्मा, पाटलांशेजारी पाटील येणारच. याची ताकद किती, हे अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात दिसलं. तिथं उमेदवारांना खोल्या आणि वर्गातल्या जागा आडनावाच्या अक्षरक्रमानं देत. मेडी सीगल या समाजशास्त्रज्ञ बाईंनी उमेदवारांना तुमचे जवळचे मित्र कोण ते विचारलं. 1974 साली त्यांनी निष्कर्ष छापला: धर्म, वय, छंद यांपेक्षा मैत्रीचा अंदाज आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून जास्त चांगला बांधता येत होता. जन्मभराचा दोस्त कोण होणार, हे वर्णमालेनं ठरवलं!

यादीचा हा धागा सरकारच्याही हातात आहे. रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजं दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात निघू लागली, केंद्र आणि राज्य यांच्या भागीदारीत, तेव्हाच ठरलं की निम्म्या जागा त्या राज्याच्या मुलांना आणि निम्म्या बाहेरच्यांना. ती वाटणी एनआयटी झाल्यावरही टिकली. इमारती, यंत्रं, प्राध्यापक यांचा हिशेब करता करता धोरणकर्त्यांनी नकळत रूम पार्टनरांचाही हिशेब करून टाकला: व्हरांड्यात उभ्या असलेल्या दोघांपैकी एक साधारणपणे महाराष्ट्राबाहेरचा निघावा. रॅगिंगला आळा घालण्यासाठी यूजीसीनं 2009 साली नियम केले, त्यात शक्य असेल तिथं नव्या मुलांना वेगळ्या वसतिगृहात किंवा वेगळ्या भागात ठेवा असं सांगितलं. त्यामुळे पहिल्या वर्षाच्या पोराच्या वाट्याला येतो तो त्याच्याइतकाच बावरलेला दुसरा पहिल्या वर्षाचा.

रूम पार्टनर म्हटलं मी, कारण आपल्याकडे 'रूममेट' हा शब्द पुस्तकी. वसतिगृहात 'पार्टनर' म्हणतात, जणू दुकानातला भागीदार. भांडवल काय, तर एक पंखा, एक बल्ब, एक आरसा आणि एकच चालू प्लग. नागपुरातल्याच एका वसतिगृहातला माझा पहिला पार्टनर रात्री विविध भारती लावून झोपायचा. महिनाभर मी कानात कापूस घातला. आता तीस वर्षांनी मला रेडिओशिवाय झोप लागत नाही, आणि घरच्यांना वाटतं ही माझीच सवय.

याच गोष्टीनं अर्थशास्त्रज्ञांना भुरळ घातली. संगतीचा परिणाम होतो, हे कोणीही सांगेल. पण मोजायचा कसा? अभ्यासू मुलगा अभ्यासूंतच बसतो, टवाळ टवाळांत. मग संगतीनं माणूस घडला की घडलेल्या माणसानं तशी संगत निवडली? ही गाठ सोडवायची तर कोणाला तरी लोकांची संगत चिठ्ठ्या टाकून ठरवावी लागेल, आणि असलं काम कोण करू देईल? पण वसतिगृहं नेमकं तेच करतात, दरवर्षी, फुकट. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात नव्या मुलांकडून चारच प्रश्नांची हो-नाही उत्तरं घेत: सिगारेट ओढता का, गाणी लावून अभ्यास करता का, रात्री जागता का, नीटनेटके आहात का. चार प्रश्नांच्या सोळा प्रकारच्या उत्तरांचे गठ्ठे करायचे आणि गठ्ठ्यातल्या गठ्ठ्यात जोड्या यदृच्छेनं लावायच्या. ब्रूस सॅसरडोट यांनी हे कागद उलगडले आणि 2001 साली दाखवलं की पार्टनरच्या गुणांची सावली आपल्या गुणांवर पडते, तिथल्या विद्यार्थी-टोळक्यांत सामील व्हायचं की नाही यावर पडते, पण मुख्य विषय कुठला घ्यायचा यावर पडत नाही. मला हे फार मानवी वाटतं. संध्याकाळ कुठं घालवायची हे आपण शेजाऱ्याकडे बघून ठरवतो, आयुष्य कुठं घालवायचं हे मात्र त्याला विचारत नाही.

केंटकीतल्या बेरिया कॉलेजात आणखी बारीक गोष्ट सापडली. पार्टनरनं येताना व्हिडिओ गेमचं यंत्र आणलं असेल, तर त्याच्या खोलीतल्या दुसऱ्या मुलाचा अभ्यास रोज अर्ध्या तासाहून जास्त कमी होत होता आणि गुण घसरत होते. यंत्र आपलं नव्हे, फक्त शेजारच्या कॉटखाली आहे! आणखी एका विद्यापीठात दिसलं की कॉलेजात यायच्या आधीपासून दारू पिणारा पार्टनर वाट्याला आला, तर मुलांचे गुण खाली येतात. मुलींवर मात्र तसा परिणाम दिसला नाही. आईचा तो प्रश्न, 'दुसरा कोण आहे?', इतका भाबडा नाही, असं यावरून म्हणावं लागतं.

मग कोणीही हुशार प्रशासक म्हणेल, संगत जर एवढी चालते तर ती आपणच नीट आखून देऊ. कच्च्या मुलांना पक्क्यांच्या शेजारी बसवू. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत हे खरोखर केलं गेलं. तिथं तुकड्या बनवताना आधीच्या वर्षांची आकडेवारी वापरून कमी गुणांच्या मुलांभोवती भरपूर गुणवान मुलं ठेवली. 2013 साली निकाल छापून आला, आणि तो वाचून मी खुर्चीत ताठ बसलो. ज्यांच्या भल्यासाठी हे केलं, ती कच्ची मुलंच आणखी मागे पडली. का? तुकडी आखली अधिकाऱ्यांनी, पण तुकडीत कोणाशी बोलायचं हे आखलं मुलांनी. हुशार हुशारांत जमले, कच्चे कच्च्यांत. तुकडीला भिंती नसतात. खोलीला असतात, आणि खोलीत रात्री दिवा मालवल्यावर बोलायला दुसरं कोणी नसतं.

त्या दिवा मालवल्यानंतरच्या गप्पांचं माप दक्षिण आफ्रिकेत घेतलं गेलं. केपटाऊन विद्यापीठाच्या वसतिगृहांत गोरे आणि काळे विद्यार्थी यदृच्छेनं एकत्र राहिले, तिथं वर्षभरानं गोऱ्या मुलांच्या मनातला सुप्त पूर्वग्रह कमी झालेला आढळला, आणि काळ्या मुलांचे गुण वाढलेले. गुणपत्रिकेवर पार्टनरची सावली लहानशी पडते, डोक्यातल्या नकाशावर मोठी.

हे वाचताना मराठी माणसाला कोल्हापूर आठवल्याशिवाय कसं राहील? केपटाऊनच्या कितीतरी आधी आपल्याकडे हाच प्रयोग झाला, उलटा आणि सुलटा दोन्ही. राजाराम कॉलेजला जोडून सर्व जातींसाठी म्हणून काढलेलं वसतिगृह प्रत्यक्षात ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरतंच उरलं, हे शाहू महाराजांनी पाहिलं. मग त्यांनी व्यवहारी मार्ग धरला: प्रत्येक समाजाचं वेगळं बोर्डिंग. 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, पुढे मुस्लिम, लिंगायत अशी रांगच लागली. 1908 साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. गव्हर्नरच्या मुलीचं नाव त्याला दिलेलं. कोल्हापूरला 'वसतिगृहांची जननी' म्हणतात ते यामुळे. पार्टनर कोण, हा प्रश्न तिथं जन्मानंच सोडवलेला होता. महाराजांना हे अंतिम उत्तर वाटत होतं असं मला वाटत नाही. आधी पोराला छप्पर आणि भाकरी, मग बाकीचं, असा त्यांचा हिशेब असावा.

बाकीचं करायला त्यांच्याच गावातल्या बोर्डिंगमधून एक पोरगा निघाला. जैन बोर्डिंगमध्ये राहणारा भाऊराव पाटील नावाचा विद्यार्थी मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला जाऊन आला. परतल्यावर त्याला आंघोळ करून आत ये असं सांगण्यात आलं. त्यानं आंघोळ केली नाही, आणि त्याची कॉट गेली. भाऊरावांच्या चरित्रांत हा प्रसंग आवर्जून सांगितला जातो. पुढे त्यांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली, आणि 1924 साली साताऱ्यात असं वसतिगृह सुरू केलं जिथं सर्व जातींची पोरं एका पंगतीत जेवत, एका छपराखाली झोपत. 1927 साली गांधीजींच्या हस्ते त्याचं नामकरण झालं, छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस. पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं विकलं. खोलीतून काढलेल्या मुलानं अख्ख्या महाराष्ट्राला खोल्या दिल्या, आणि त्या देताना जोड्या मुद्दाम मिसळून लावल्या.

आणि नागपूर? मे 1920 मध्ये याच शहरात बहिष्कृत वर्गाची अखिल भारतीय परिषद भरली, अध्यक्ष शाहू महाराज. व्यासपीठावर तिशीच्या आतले डॉ. आंबेडकर होते. त्यानंतर काही आठवड्यांतच, जुलैत, ते अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला निघाले. पैसे कुठून आले? थोडी स्वतःची बचत, महाराजांची मदत, आणि नवल भथेना नावाच्या पारशी मित्रानं दिलेले उसने पाच हजार रुपये. हा नवल भथेना कोण? 1913 साली बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले, तेव्हा पहिल्या आठवड्यात एका वसतिगृहात राहिले, ते जमलं नाही, दुसरीकडे गेले, आणि मग लिव्हिंग्स्टन हॉल नावाच्या वसतिगृहात स्थिरावले. तिथला त्यांचा रूम पार्टनर म्हणजे भथेना. मैत्री जन्मभर टिकली.

याला दुसरी बाजू आहे, आणि ती बोचते. परदेशातल्या त्या पहिल्या मुक्कामाहून परत आल्यावर बडोद्यात नोकरीसाठी गेलेल्या याच आंबेडकरांना राहायला जागा मिळेना. ते एका पारशी धर्मशाळेत उतरले, आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या पारशांनी त्यांना बाहेर काढलं. समाज तोच, माणूसही तोच. न्यूयॉर्कमधल्या त्या एका पारशानं त्यांना रोज सकाळी दात घासताना पाहिलं होतं, एवढाच फरक. अर्थशास्त्रज्ञ केपटाऊनमध्ये जे मोजत होते, ते याहून नेमक्या शब्दांत मला सांगता येणार नाही.

व्हीएनआयटीच्या फाटकापासून दीक्षाभूमी फार लांब नाही. तिथल्या आवारात कॉलेजही आहे. गडचिरोली, गोंदिया, यवतमाळकडून येणारी कितीतरी पोरं या शहरात शिकतात, ज्यांना शासकीय वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं तरच शिक्षण परवडतं. यादीत नाव न लागलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारनं स्वाधार योजना आणली, तेव्हा नागपूरला मुंबई-पुण्याच्याच रांगेत बसवलं: वर्षाला साठ हजार, त्यात जेवणाचे 32 हजार, राहण्याचे 20 हजार, वरखर्चाचे आठ हजार. भाड्याची खोली तीन-चार जणांत घ्यायची म्हणजे तिथं पार्टनर पुन्हा आपला आपणच शोधायचा, आणि तो बहुधा आपल्याच गावचा, आपल्याच माणसांतला निघतो. पैशानं खोली मिळते, यादीतला तो अनोळखी माणूस मिळत नाही. या हिशेबात ही वजाबाकी कोणी धरलेली मला दिसली नाही.

बरं, एवढं सगळं गणित आणि इतिहास झाला. पण नागपूरच्या वसतिगृहात पार्टनरशिपची खरी परीक्षा कशावर होते, हे नागपूरकराला विचारा. तो एकच शब्द उच्चारेल: कूलर.

ऑगस्टात त्याचं नावही कोणाच्या तोंडी नसतं. मार्च लागला की मात्र पारा चढायला लागतो, मे येईपर्यंत पंचेचाळीसच्या वर जातो, आणि परीक्षा नेमक्या याच काळात. खिडकीत पत्र्याचा डबा बसतो, त्याच्या तीन बाजूंना गवताच्या ताट्या, शौकीन असेल तर वाळ्याच्या. आत पंखा आणि ताट्यांवर पाणी सोडणारी इवलीशी मोटर. बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून आत येताना पाण्याचं बाष्प करते, आणि त्यासाठी लागणारी उष्णता स्वतःच्या खिशातून देते. एक लिटर पाणी असं उडून जाताना हवेतून जेवढी उष्णता खेचतं, तेवढी निर्माण करायला हजार वॅटची शेगडी चाळीस मिनिटं जाळावी लागेल. म्हणून कूलर चालतो तो विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात. मुंबईत तोच डबा नुसता घाम वाढवतो. आणि ओली झालेली हवा बाहेर जायला समोरचं दार थोडं किलकिलं ठेवावं लागतं.

आता खोलीचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. थंड, कोरी हवा पहिल्यांदा येते ती खिडकीजवळच्या कॉटवर. दाराजवळच्या कॉटला मिळते ती दमट, वापरलेली, बाहेर पडायच्या वाटेवरची. शिवाय टाकीत पाणी कोणी भरायचं? खाली नळावर रांग, दोन बादल्या, तीन मजले. दोघांनाही गारवा हवा, भरायचं मात्र दुसऱ्यानं. "काहून बे, पाणी नाही टाकलं?" या एका वाक्यावर किती मैत्र्या तुटल्या आणि किती पक्क्या झाल्या, याची कुठल्या अर्थशास्त्रज्ञानं अजून नोंद घेतल्याचं माझ्या पाहण्यात नाही. यातूनच पुढे एकतर वेळापत्रक भिंतीवर लागतं, किंवा दोन्ही कॉट ओढून मध्ये एकमेकींना जोडल्या जातात. मी पाहिलेल्या बहुतेक खोल्यांत मे महिन्यात कॉट जोडलेल्या होत्या.

पण हे सगळं मार्चनंतरचं. आज ऑगस्ट आहे, बाहेर झड लागलीय, खिडकीतून पाण्याचे तुषार आत येताहेत. आईवडील खाली ऑटोपाशी थांबलेत. केरळचा पोरगा आधी येऊन बसलाय, अजून सुटकेस उघडलेली नाही. वर्ध्याचा पोरगा दारात येतो, बादली खाली ठेवतो, खोलीवरून एकदा नजर फिरवतो. केरळचा उठून हसतो आणि तुटक्या हिंदीत म्हणतो की खिडकीकडून पाणी येतं, मी दाराजवळची घेतो, चालेल ना?

वर्ध्याचा एक क्षण खिडकीकडे बघतो. मार्चला सात महिने आहेत.

"चालेल," तो म्हणतो, आणि गादी उलगडायला लागतो.